'प्रवासी' म्हणजे कोण?

काही वर्षांपूर्वी रवींद्रनाथांच्या 'युरोप-प्रवासीर पत्र' या पुस्तकातली दोन-तीन पत्रं मराठीत आणायला बसले आणि शीर्षकापाशीच अडले. शब्द अनोळखी असते तर कोश उघडला असता. इथे तिन्ही शब्द आपलेच वाटतात आणि घोटाळा तिथेच आहे. 'युरोप-प्रवाशाची पत्रं' असं लिहिलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बोटीच्या कठड्याला टेकून उभा असलेला, आज हे पाहिलं नि उद्या ते पाहायचं असं म्हणणारा गृहस्थ येतो. बंगालीतला 'प्रवासी' तो नाही. तो घरापासून दूर राहणारा माणूस आहे. 'प्रवास' हा शब्द मुळात 'वस्' धातूचा. त्यात राहणं आहे, घर सोडून दुसरीकडे राहणं. बंगालीनं ते राहणं जपलं. हिंदीतला 'प्रवासी भारतीय' त्याच कुळातला, आणि मल्याळीत तर 'प्रवासी' म्हटलं की वर्षानुवर्षं आखातात नोकरी करणारा माणूसच समोर येतो. मराठी, गुजराती आणि कन्नड यांनी मात्र त्यातलं राहणं सोडलं आणि जाणं-येणं ठेवलं. आपला प्रवासी गाडीत बसलेला असतो.

हा केवळ अनुवादकाचा खोळंबा असता तर मी तो इथे मांडला नसता. पण या शब्दामागे वाचनाची एक सवय लपलेली आहे असं मला हळूहळू वाटू लागलं. परदेशी शिकायला गेलेल्या माणसानं लिहिलेलं काहीही हाती आलं की आपण ते 'प्रवासवर्णन' या फडताळात ठेवतो. मग त्यात शहर किती दिसलं, वर्णन किती जिवंत झालं, निरीक्षण किती तल्लख आहे, हे प्रश्न विचारतो. विद्यार्थी मात्र शहर पाहायला गेलेला नसतो. तो स्थलांतरितही नसतो, कारण त्याच्या परतण्याचा महिना ठरलेला असतो. त्याच्या खिशातले पैसे बहुधा दुसऱ्या कुणाचे असतात: बापाचे, संस्थानाचे, सरकारचे. आणि घरी कुणीतरी त्याच्या पत्राची वाट पाहत असतं. म्हणून त्याचं लेखन वाचायला चार गोष्टी धराव्या लागतात: खोली, हिशेब, पत्र आणि परतणं. शहर त्यानंतर येतं. माझं म्हणणं असं की या चार गोष्टी न धरल्यामुळे आपण मराठीतली निदान दोन मोठी माणसं अर्धीच वाचली आहेत. त्यांच्याकडे येण्यापूर्वी थोडं बाहेर फिरून येते.

रवींद्रनाथ सप्टेंबर 1878 मध्ये इंग्लंडला निघाले तेव्हा सतरा वर्षांचे होते. बॅरिस्टर होऊन यावं अशी घरच्यांची इच्छा. निघण्याआधी इंग्रजी बोलणं आणि रीतिरिवाज अंगवळणी पडावेत म्हणून त्यांना मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं होतं. इंग्लंड पाहून आलेली त्यांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना शिकवत असे. म्हणजे या बंगाली मुलाचं पहिलं 'परदेशातलं घर' एका मराठी कुटुंबात होतं. पुढे ब्रायटन, मग लंडन, तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हेन्री मॉर्ली यांची इंग्रजी साहित्यावरची व्याख्यानं, आणि 1880 मध्ये पदवी न घेता परत. पत्रं 'भारती' मासिकात छापून आली आणि 1881 मध्ये त्यांचं पुस्तक झालं.

या पत्रांची भाषा साधुभाषा नाही, चलित आहे, म्हणजे बोलण्यातली. त्या काळच्या छापील बंगाली गद्यात हे धाडस होतं. मला त्यात साहित्यिक बंडापेक्षा पत्र लिहिणाऱ्याची गरज जास्त दिसते. घरच्या माणसांशी बोलायचं असेल तर तोंडातली भाषाच कागदावर यावी लागते. दूर राहणाऱ्याला ती जास्तच लागते, कारण दिवसभर ती बोलायला कुणी नसतं. आणि घरूनही उत्तर येतं, तेही छापील. मासिकाचे संपादक थोरले बंधू द्विजेंद्रनाथ. धाकट्यानं विलायतेतल्या स्त्रियांच्या मोकळेपणाबद्दल उत्साहानं लिहिलं की थोरल्यानं त्यावर आपल्या असहमतीच्या टिपा जोडल्या. मुलगा लंडनहून बोलतो आहे आणि घर त्याच पानावर त्याला आवरतं आहे, असं दृश्य प्रवासवर्णनात सापडत नाही. प्रवाशाचा वाचक त्याच्यावर खूश असतो. विद्यार्थ्याचा वाचक त्याच्यावर लक्ष ठेवून असतो.

पुढे रवींद्रनाथांना ही पत्रं अवघड वाटू लागली. 'जीवनस्मृति'मध्ये, 1912 साली, त्यांनी त्यातल्या तरुण फुशारकीबद्दल खंत व्यक्त केली. पण त्याच पुस्तकात लंडनच्या एका खोलीचं चित्र आहे, ते मला सगळ्या पत्रांहून मोलाचं वाटतं. रीजंट्स पार्कसमोरची भाड्याची खोली, ऐन हिवाळा, समोरच्या झाडांवर एक पान नाही, ओळखीचं कुणी नाही. लॅटिन शिकवायला एक गरीब, हडकुळा, झिजलेल्या कपड्यांतला शिक्षक येतो. एकाच युगात जगभरच्या माणसांच्या मनात एकच कल्पना उमटते, असा सिद्धांत त्याच्या डोक्यात बसलेला आणि त्यापायी शिकवणं राहूनच जातं. निरोपाच्या वेळी तो फी घ्यायला तयार होत नाही, कारण आपण काही शिकवलंच नाही असं त्याला वाटतं. विद्यार्थ्याला त्याची समजूत घालून पैसे द्यावे लागतात. पत्रांतली मतं लेखकालाच नकोशी झाली. तीस वर्षांनंतर टिकून राहिली ती खोली आणि तिच्यात येऊन बसणारा एक हरलेला माणूस.

त्याच गॉवर स्ट्रीटवरच्या त्याच कॉलेजात, वीस-एकवीस वर्षांनी, आणखी एक आशियाई विद्यार्थी आला. नात्सुमे सोसेकी तेव्हा तेहतीस वर्षांचे, कुमामोतोच्या उच्च विद्यालयात इंग्रजी शिकवणारे, संसारी गृहस्थ. जपानच्या शिक्षण मंत्रालयानं त्यांना वर्षाला 1800 येन देऊन दोन वर्षांसाठी इंग्लंडला धाडलं. आधी ते केंब्रिज पाहून आले आणि तिथली राहणी या पैशांत भागणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. लंडनमध्ये डब्ल्यू. पी. केर यांच्या तासांना काही काळ बसले, मग तेही सोडलं आणि शेक्सपिअरचे अभ्यासक डब्ल्यू. जे. क्रेग यांच्याकडे खाजगी शिकवणी लावली. उरलेला वेळ खोलीत. दोन वर्षांत त्यांनी पाच बिऱ्हाडं बदलली. शेवटचं क्लॅपममधलं, 'द चेस' नावाच्या रस्त्यावरचं. पोटाला चिमटा काढून पुस्तकं घ्यायची आणि दार लावून वाचायची. नात्सुमे वेडा झाला अशी बातमी जपानपर्यंत पोचली. त्या खोलीतल्या बारीक अक्षरांतल्या टिपणांतून पुढे त्यांचा 'बुन्गाकुरोन' हा साहित्यसिद्धांतावरचा ग्रंथ 1907 मध्ये उभा राहिला, आणि त्याच्याच प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलं की लंडनमधली दोन वर्षं ही आपल्या आयुष्यातली सर्वांत अप्रिय वर्षं होती.

मला जपानी येत नाही. सोसेकी मी इंग्रजी अनुवादांतून वाचले. तरीही त्यांची 1905 सालची 'लंडन टॉवर' ही कथा वाचताना पर्यटक आणि विद्यार्थी यांतला फरक जितका स्पष्ट झाला तितका मराठीतल्या कुठल्याच पुस्तकानं केला नव्हता. कथेचा निवेदक टॉवर पाहायला जातो. भिंतीवर कैद्यांनी कोरलेली अक्षरं, मारल्या गेलेल्या राजपुत्रांचे भास, कावळ्यांकडे पाहणारी एक गूढ स्त्री. तीनच कावळे दिसत असताना ती पाच आहेत असं म्हणते. भारावलेल्या मनानं तो बिऱ्हाडी परततो आणि घरमालकाला सगळं सांगतो. घरमालक शांतपणे एकेक फुगा फोडतो. कावळे तिथे पाळलेलेच असतात. एखादा कमी झाला तर दुसरा आणून ठेवतात, म्हणून ते नेहमी पाचच. भिंतीवरचं लिखाण कुणीही खरडलेलं असेल. त्या बाईनं मार्गदर्शिका वाचली असेल. संपलं. टॉवरबद्दल पुन्हा कुणाशी बोलायचं नाही असं निवेदक ठरवतो.

प्रवासवर्णन या कथेच्या मध्यावर संपलं असतं. कथा घडते ती शेवटी, बिऱ्हाडात. तिथे राहणाऱ्या माणसानं शहराच्या वैभवाला दिलेलं थंड उत्तर विद्यार्थ्याला रोज ऐकावं लागतं, कारण त्याला संध्याकाळी तिथेच परतायचं असतं.

सोसेकींची लंडनहून लिहिलेली पत्रं क्षयानं अंथरुणाला खिळलेल्या मित्रासाठी, हायकूकार मासाओका शिकीसाठी होती. 1901 मध्ये ती 'होतोतोगिसु' या नियतकालिकात छापली गेली. त्यांत बकिंगहॅम राजवाडा नाही. बिऱ्हाडातली गंमत आहे. घरमालकाचा डबघाईला आलेला संसार, भाडेकरूसकट दुसऱ्या वस्तीत हललेलं घर, आणि एक मोलकरीण, जिचं अखंड कॉकनी बोलणं या इंग्रजीच्या प्राध्यापकाला ओ की ठो कळत नाही. शिकीला विलायत पाहायची होती आणि ती या पत्रांतून थोडी पाहता आली. आणखी एक पत्र पाठव, असं त्यानं मरणाच्या छायेतून कळवलं. सोसेकींकडून ते गेलं नाही. सप्टेंबर 1902 मध्ये शिकी गेला. बातमी लंडनला पोचली ती मित्राच्या परतीच्या तयारीच्या दिवसांत. चार वर्षांनी आपल्या गाजलेल्या मांजराच्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत सोसेकींनी हे न पाठवलेलं पत्र आठवलं. मला वाटतं, विद्यार्थ्याच्या साहित्यात न लिहिलेल्या पत्रालाही लिहिलेल्याइतकीच जागा द्यायला हवी.

राहिला हिशेब. त्याचे आचार्य गांधीजी. 'सत्यना प्रयोगो'मधली 1888 ते 1891 ही लंडनची प्रकरणं गुजरातीत वाचली तर ती जवळजवळ जमाखर्चाची वही वाटतात. आधी बाँड स्ट्रीटवर शिवलेला दहा पौंडांचा पोशाख, एकोणीस शिलिंगांची टोपी, नाचाचे नि व्हायोलिनचे धडे. मग भान आल्यावर दोन खोल्यांऐवजी एक, स्वतःच्या हातची ओटची लापशी आणि कोको, दिवसाचा खाण्याचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. बस-गाडीऐवजी रोज मैलोन्‌मैल चालणं. घरमालकिणीकडे आणखी पाव मागायला लाज वाटते म्हणून उपाशी राहणारा मुलगा एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी खाणावळीत पोटभर जेवतो, तो प्रसंग मला त्या आत्मकथेतला फार मोठा प्रसंग वाटतो. शहरात आपल्याला जागा आहे, हे त्याला पोटातून कळतं. पुढे दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर त्यांनी इंग्लंडला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लंडनची एक मार्गदर्शिका लिहिली. तीत भर आहे तो काय पाहावं यापेक्षा कितीत भागेल यावर.

आता मराठीकडे. परदेशातल्या मोठ्या शहरावरचं आपलं सर्वांत लाडकं पुस्तक म्हणजे 'अपूर्वाई', 1960 सालचं. पु. ल. देशपांडे लंडनला गेले ते दूरचित्रवाणीचं प्रशिक्षण घ्यायला, म्हणजे शिकायलाच. पण पुस्तक त्यांनी शिकाऊ माणसाचं लिहिलं नाही. हसऱ्या, रसिक, सपत्नीक पाहुण्याचं लिहिलं. ते त्यांनी उत्तमच लिहिलं आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या पुस्तकाच्या यशानं आपल्याला लावलेल्या चटकेबद्दल. परदेशाबद्दल लिहायचं तर खेळकर, थोडं आपल्याच फजितीवर हसणारं आणि शेवटी घरच्या आठवणीनं डोळे ओलावणारं, असा एक साचा बसला. या साच्यात न बसणारी पानं आपण साहित्य म्हणून वाचतच नाही. ती चरित्राची साधनं होतात.

रवींद्रनाथांच्या पत्रांसाठी मराठी शोधताना मी आनंदीबाई जोशींच्या पत्रांकडे वळले ते आधी निव्वळ कामापुरतं. मला 1880 च्या आसपासची, 'निबंधमाले'च्या भारदस्त वळणाची नसलेली, घरच्या माणसाला लिहिलेली मराठी हवी होती. आनंदीबाई एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतलं आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळवली. पहिली काही वर्षं गोपाळराव इकडे, त्या तिकडे. मधली पत्रं काशीबाई कानिटकरांनी आपल्या चरित्रात वापरली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

कामापुरतं म्हणून उघडलेली ही पत्रं पुढे मिटवत आली नाहीत. वर म्हटलेल्या चारही गोष्टी इथे आहेत. खोली आहे: शेकोटी पेटवली तर धूर, न पेटवली तर थंडी, यांतलं एक निवडायला लावणारी. हिशेब आहे: तीन वर्षांना मिळून सहाशे डॉलरांचं साहाय्य, आणि शाकाहार सांभाळून रोज काय शिजवायचं हा प्रश्न. लुगड्याचाही हिशेब आहे: नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, या हवेत नि या समाजात ते कसं निभावायचं, गुजराती पद्धतीनं नेसावं का, हे नवऱ्याला विचारणं. पण सगळ्यात मोठं आहे ते पत्र. गोपाळरावांची पत्रं टोचणारी असत. ती मुलगी समुद्रापलीकडच्या खोलीत बसून, ज्या नवऱ्यानं आपल्याला शिकवलं त्यालाच लिहिते की दहाव्या वर्षी तू मला लाकडानं मारलंस, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकलीस नि सोडून जाण्याची धमकी दिलीस, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा केल्यास; आणि हिंदू बायकोला हे सगळं गप्प राहून सोसण्यावाचून मार्ग नव्हता. तिचे शब्द मी इथे देत नाही, आशय तेवढा सांगते. कल्याणच्या किंवा श्रीरामपूरच्या घरात हे वाक्य तोंडातून निघणं कठीण होतं. ते लिहायला फिलाडेल्फियाची धुरकट खोली लागली. एवढं अंतर, एवढा एकांत आणि दार लावायची मुभा.

आणि आपण या लेखिकेचं काय केलं? श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी 1968 ची. तिच्यामुळेच आनंदीबाई घराघरांत पोचल्या, हे ऋण मान्यच आहे. 2019 मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. पण नाव पाहा: 'आनंदी गोपाळ'. जोडीची गोष्ट. हट्टी नवरा आणि त्याच्या हट्टातून घडलेली पहिली डॉक्टरीण. या गोष्टीत फिलाडेल्फिया हा कळसाचा देखावा होतो, पदवीदानाचा; खोली मागे पडते आणि पत्र हे कथानकाला पुढे ढकलणारं साधन होतं. 'पहिली' या विशेषणानं तिला पुतळा केलं. पुतळ्याकडे कुणी गद्य मागत नाही. मराठी पत्रवाङ्‌मयाचा इतिहास लिहिताना आनंदीबाईंना आपण लेखिका म्हणून कितपत जागा देतो, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते, कारण एम.ए.च्या दोन्ही वर्षांत मी त्यांचं एक पत्रही वाचलं नव्हतं आणि त्याची मला उणीवही भासली नव्हती.

चौथी गोष्ट परतणं. आनंदीबाईंच्या वाट्याला ते फार थोडं आलं. फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. परतण्याचा खरा ग्रंथ दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं लिहिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. काही दिवस हार्टली हॉलमध्ये, मग इतर हिंदी विद्यार्थ्यांसोबत, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर एका खोलीत. मग लंडन, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. या वर्षांवर त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. लंडनची ब्रिटिश म्युझियमची ग्रंथशाळा, तुटपुंजं जेवण, कडक घरमालकीण हे सगळं आपल्याला चरित्रकारांकडून कळतं. त्यांनी स्वतः लिहिलं ते परतल्यानंतरच्या खोलीबद्दल.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटं इंग्रजी लेखन 1935-36 च्या सुमाराचं. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. त्यातलं बडोद्याचं प्रकरण असं सुरू होतं की अमेरिका-युरोपातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती. स्टेशनावर उतरल्यावर ती परत आली, एका साध्या प्रश्नातून: राहायचं कुठे? मित्रांकडे जायची सोय नव्हती. एका पारशी धर्मशाळेत, खोटं पारशी नाव नोंदवून त्यांना वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. बाजूचा दालनभर पसारा मोडक्या खुर्च्या नि फळ्यांचा, दिवा मिणमिणता, माणूस दुसरा नाही. ते वाचनात जीव रमवतात. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी जिना चढून येतात. हिंदू मित्र नाही म्हणतो, ख्रिस्ती मित्रही टाळतो. मुंबईच्या गाडीला पाच तास असतात, ते एका सार्वजनिक बागेत बसून काढावे लागतात.

लिव्हिंग्स्टन हॉलची ती खोली आणि ही खोली शेजारी शेजारी ठेवून पाहा. तिकडे पारशी मित्राबरोबर स्वतःच्या नावानं. इकडे पारशी माणसाचं नाव घेऊन. 'व्हिसा' हा शब्द परदेशात जाताना लागणारा. त्यांनी तो स्वदेशात खोली मिळवण्याला लावला. आणि पत्राची दिशाही उलटी झाली. रवींद्रनाथ, सोसेकी, आनंदीबाई तिकडून घरच्या वाचकाला लिहीत होते. आंबेडकर सुरुवातीलाच सांगतात की अस्पृश्यता जवळून न पाहिलेल्या परदेशी वाचकाला ती कळावी म्हणून आपण हे प्रसंग देतो आहोत. म्हणजे घरून तिकडे लिहिलेलं पत्र. हे लेखन आपण सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचतो आणि ते आहेच. पण परदेशी शिकलेल्या विद्यार्थ्याच्या साहित्याचं ते शेवटचं आणि सर्वांत कठोर प्रकरणही आहे. शिक्षण घेऊन परतलेल्याला त्याचं गाव कुठली खोली देतं, यावर त्या शिक्षणाची गोष्ट पूर्ण होते.

खोलीवर एवढा भार टाकला की एक उणीव राहते, ती झाकत नाही. दार लावून बसलेल्याला दाराबाहेरची माणसं नीट दिसत नाहीत. सोसेकींची ती मोलकरीण हास्यविषय होऊनच राहते. तिच्या बोलण्यामागे काय होतं हे त्यांनी विचारलं नाही. घरमालकिणी तर या साहित्यात बहुतेक वेळा कंजूष, खाष्ट किंवा विनोदी असतात. त्याही भाड्यावर जगणाऱ्या, बहुधा एकट्या बायका होत्या, हे विद्यार्थी क्वचित पाहतो. रवींद्रनाथांचा लॅटिनचा शिक्षक मला एवढा मोठा वाटतो तो यामुळेच: तिथे खोलीतल्या विद्यार्थ्यानं दुसऱ्याची गरिबी पाहिली आणि तिचा मान राखला.

माझी भाची सध्या लंडनला शिकते. ती व्हिडिओ कॉल करते तेव्हा फोन नेहमी एकाच कोनात धरते: खिडकी, टेबल, भिंतीवरचं वारली चित्र. एकदा फोन हातातून घसरला तेव्हा जमिनीवर शेजारी शेजारी घातलेल्या आणखी दोन गाद्या दिसल्या. तिच्या आईनं त्या पाहिल्या नाहीत असं दाखवलं. मी काही बोलले नाही. पत्र गेलं, पण घरच्या वाचकासाठी निवडून दाखवणं गेलेलं नाही. त्या गाद्यांबद्दल ती कधीतरी लिहील का, आणि लिहिलं तर आपण ते कुठल्या फडताळात ठेवू, हे मला माहीत नाही.

शीर्षकाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. 'युरोप-प्रवाशाची पत्रं' मी खोडलं. 'युरोपवासीयाची पत्रं' लिहिलं तर माणूस तिकडचाच झाला. 'परदेशस्थ' फार सरकारी. शेवटी 'युरोपातल्या बिऱ्हाडाहून' असं लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे घर आणि बिऱ्हाड हे वेगळे शब्द आहेत, बंगालीत 'बाडी' आणि 'बासा' आहेत तसेच. बिऱ्हाड म्हणजे ज्यातून एक दिवस सामान उचलायचं आहे अशी जागा. रवींद्रनाथांचे अभ्यासक या शीर्षकाला मान डोलावतील अशी खात्री नाही. पण ते वाचून मराठी वाचक निदान बोटीच्या कठड्यापाशी थांबणार नाही. जिना चढून वर येईल, दार वाजवील.